बी.ए.ची चार वर्षे आणि सकाळची एस.टी.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतो. मधल्या त्या पंधरा-वीस दिवसांत कास्तकाराच्या घरी दोन हिशेब एकदमच चालतात. बियाण्याच्या बॅगा किती आणायच्या, खताला पैसे कुठून काढायचे, हा एक. आणि पोराला किंवा पोरीला पुढे कुठे घालायचे, हा दुसरा. पहिल्या हिशेबात आपण मुरलेलो आहोत. दुसऱ्याच्या वेळी मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकतो आणि मोकळे होतो.

यंदा हा दुसरा हिशेब आमच्या आक्काच्या घरी होता. आक्काचे सासर किल्लारीचे. चार एकर रान, त्यात सोयाबीन आणि तूर, दावणीला दोन म्हशी. थोरली पोरगी विज्ञान शाखेतून बारावी झाली, एकसष्ट टक्के पडले. निकाल कळला तसा मी पेढे घेऊन गेलो, तर घरात कुणी फारसे बोलेना. चहा झाल्यावर दाजींनीच विषय काढला. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. एकरभर रान गहाण टाकून पोरीला वर्षभर लातूरला ठेवायचे आणि डॉक्टरकीची परीक्षा पुन्हा द्यायला लावायची, ही एक. जवळच्या कॉलेजात नाव घालायचे, ही दुसरी. तिसरी वाट त्यांनी बोलून दाखवली नाही. ती आक्काने नंतर चुलीपाशी सांगितली. उदगीरकडचे एक स्थळ सांगून आले होते.

कॉलेजाला दाजींचा विरोध नव्हता. पण पारावर त्यांना कुणीतरी सांगितले होते की, आता बी.ए., बी.एस्सी. सगळे चार वर्षांचे झाले. ते म्हणाले, "चार वर्षं म्हणल्यावर पोरगी बावीसची होती, पाव्हणं. मग लगीन कवा करावं?"

भाची दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "मामा, तुम्ही एकदा कॉलेजात जाऊन विचारून या की."

म्हणून गेलो. आठ-दहा दिवस औसा, निलंगा, उमरगा असे हिंडलो, प्राध्यापकांना भेटलो, फॉर्मच्या खिडकीपाशी उभा राहिलो, झाडाखाली बसलेल्या पोरापोरींशी बोललो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच चालले असेल.

पत्र्याच्या शेडमधली शाळा

किल्लारीचे नाव साऱ्या देशाला कळले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली आणि दगडमातीच्या रुंद भिंती, वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली. त्या गावांत आज जी तरणी पोरे कॉलेजात जातात, त्यांतल्या एकानेही जुने गाव पाहिलेले नाही.

दाजी तेव्हा सातवीत होते. त्यांची आई आणि धाकटा भाऊ त्या रात्री गेले. काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली, पण दाजी गेले नाहीत. बापाबरोबर रानात गेले आणि तिथेच राहिले. ते हे कधी सांगत नाहीत. मला आक्काकडून ठाऊक.

त्या काळात मुलांच्या शिक्षणासाठी बाहेरची माणसेही धावून आली, हे सांगितले पाहिजे. भारतीय जैन संघटनेने भूकंप झालेल्या गावांतली सुमारे १२०० मुले पुण्याला नेली, त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय वाघोलीला केली. नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने अनाथ झालेल्या मुलांसाठी 'आपलं घर' उभे राहिले. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी मदतकार्याला आली ती लोहारा तालुक्यातल्या हराळीला कायमची राहिली. तिच्याविषयी पुढे लिहितो.

शिक्षणासाठी घर सोडण्याची रीत या भागाला त्याआधीचीच आहे. निजामाच्या राज्यात कॉलेजचे शिक्षण हैदराबादेला, उस्मानिया विद्यापीठात, आणि तेही उर्दूतून. मराठी मुलांना आपल्या भाषेत, आपल्या विचाराने शिकता यावे म्हणून १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. हे हिप्परगा लोहारा तालुक्यातलेच, आपल्या शेजारचे. स्वामी रामानंद तीर्थ पुढे मराठवाडा मुक्तीच्या लढ्याचे पुढारी झाले, पण आधी ते या शाळेचे मास्तर होते. स्वातंत्र्यानंतर १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच साली औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने मिलिंद महाविद्यालय सुरू केले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. म्हणजे आपल्या आजोबांपैकी कुणाला पदवी घ्यायची असती, तर ट्रंक डोक्यावर घेऊन नांदेड, सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठावे लागले असते. आता औसा, निलंगा, उमरगा, लोहारा, मुरूम, नळदुर्ग अशी जवळजवळ प्रत्येक बाजारगावाला कॉलेजची इमारत आहे. हा फरक लहान नव्हे.

मात्र यात एक गंमत होऊन बसली आहे. १९८२ साली उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. किल्लारी लातूरकडे आले. तेरणेपलीकडचे सास्तूर, लोहारा, उमरगा हे उस्मानाबादकडे, म्हणजे आताच्या धाराशिवकडे राहिले. पुढे १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्हा त्याच्याकडे गेला. उमरग्याची कॉलेजे मात्र छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडेच राहिली. त्यामुळे किल्लारीची पोरगी औशाला किंवा निलंग्याला गेली तर तिचा अभ्यासक्रम नांदेडचा, आणि उमरग्याला गेली तर संभाजीनगरचा. रस्ता एकच, फक्त एस.टी.ची दिशा उलटी. एका बाजूला पहिले वर्ष करून दुसऱ्या बाजूला बदली घ्यायची झाली, तर कागदपत्रांचे हेलपाटे पडतात. नाव घालतानाच हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुपारी रिकामे होणारे कॉलेज

शहरातल्या कॉलेजाचे चित्र आपण सिनेमात पाहतो. आपल्याकडच्या छोट्या कॉलेजचा दिवस वेगळा असतो. पहाटे पाच-साडेपाचला मैदानावर पोरे पळत असतात. ती कॉलेजची असतात तशी बाहेरचीही. पोलीस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. अलीकडे पळणाऱ्यांत मुलीही पुष्कळ दिसल्या. सलवारीवर बूट घालून, ओढणी कमरेला खोचून पळत होत्या. पाच वर्षांपूर्वी हे दृश्य मी आमच्याकडे पाहिले नव्हते.

साडेसात-आठला पहिली एस.टी. येते आणि कॉलेज भरते. तास लवकर ठेवण्यामागे कारण आहे. दुपारी पोरे घरी जातात ती थेट रानात. साडेबारा-एकला आवार सुने होते, कडुनिंबाखाली दोन-चार जण आणि वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन बसलेले आठ-दहा जण, एवढेच उरतात. जून-जुलैत पेरणीमुळे आणि ऑक्टोबरात सोयाबीनच्या काढणीमुळे वर्ग निम्मे होतात. एका प्राध्यापकांनी सांगितले की, त्या दिवसांत ते नवा धडा सुरूच करत नाहीत, मागचाच घोटून घेतात. मला ही गोष्ट शहाणपणाची वाटली.

बाकी गंमतही असते. जानेवारी-फेब्रुवारीत स्नेहसंमेलन असते. विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला नांदेडकडे 'ज्ञानतीर्थ' म्हणतात. त्यात लोकनृत्य, एकांकिका, पोवाडा, भारूड सारे असते, आणि खेड्यातली पोरे त्यात शहरवाल्यांना हटत नाहीत. घरी भजनात टाळ धरणारे पोर तिथे पहिल्यांदा परक्या लोकांपुढे उभे राहते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचे सात दिवसांचे शिबिर एखाद्या खेड्यात असते. तिथे पोरे स्वतः स्वयंपाक करतात, बांध घालतात, रात्री गावकऱ्यांपुढे कार्यक्रम करतात. पोरीला शिबिराला पाठवायला घरचे कचरतात. पण मी ज्या मुलींशी बोललो, त्यांपैकी बऱ्याच जणींना तीन वर्षांत सगळ्यात जास्त आठवत होते ते शिबिरच.

छोट्या कॉलेजचा एक फायदा असा की, प्राध्यापकाला पोराचे नाव माहीत असते. दोन दिवस दिसले नाही तर गावातल्या दुसऱ्याला विचारतात. लातूरच्या शिकवणी वर्गात शेकडो पोरांत कोण आले, कोण नाही, हे एवढे कोण विचारणार?

उणी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक कॉलेज ओढतात. तासागणिक मानधन, सुट्टीत तेही नाही. अशा माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची? काही ठिकाणी प्रयोगशाळेला कुलूप असते. काही पोरे नाव नोंदवतात आणि परीक्षेलाच उगवतात. दोष एकट्या कॉलेजचा नाही. आपणही पोराला नाव घालून कामाला जुंपतो आणि शिष्यवृत्तीपुरता कॉलेजचा उपयोग करतो, हे आपले आपण कबूल करावे.

चार वर्षांचा घोळ

आता दाजींच्या प्रश्नाकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत नवा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून सुरू झाला. पारावरची बातमी अर्धी खरी आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे. पण तीन वर्षांनी पदवी मिळतेच, अगदी पूर्वीसारखी. बी.ए. असो की बी.एस्सी., तिसरे वर्ष पास झाले की पोरगी पदवीधर. चौथे वर्ष ज्याला हवे त्याने करायचे. त्याला 'ऑनर्स' म्हणतात, आणि ते केले तर पुढचे एम.ए., एम.एस्सी. दोनाऐवजी एका वर्षात होते. हे चौथे वर्ष प्रत्येक छोट्या कॉलेजात असेलच असेही नाही.

एवढी एक गोष्ट नीट न सांगितल्यामुळे किती पोरींची नावे यंदा घातली गेली नसतील, याचा विचार करून मन अस्वस्थ होते.

दुसरा बदल मला अधिक मोलाचा वाटतो. पूर्वी पहिले वर्ष करून पोरगी सासरी गेली की तिच्या हातात काहीच नसे, वर्ष वाया. आता एक वर्ष पूर्ण करून थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. मधेच थांबायचे तर चार श्रेयांकांचा एखादा कौशल्याचा अभ्यास किंवा कामाचा अनुभव जास्तीचा पुरा करावा लागतो. आणि थांबल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येते. सगळे मिळून सात वर्षांत संपवायचे.

हे श्रेयांक म्हणजे क्रेडिट. वर्गात पंधरा तास बसले की एक श्रेयांक, प्रयोगाचे किंवा हातकामाचे तीस तास झाले की एक. सहा महिन्यांच्या सत्राला बावीस, वर्षाला चव्वेचाळीस, तीन वर्षांत एकशे बत्तीस. ते सगळे पोराच्या नावावर सरकारच्या श्रेयांक बँकेत जमा होतात. वखारीत माल ठेवून पावती घ्यावी तसे हे आहे. पावती तुमच्या नावावर असते आणि पुढे कॉलेज बदलले तरी ती चालते. अट एकच, पास झालात तर. तासाला बसून परीक्षेत नापास झाला तर वखारीत पोते जात नाही.

विषयांची नवी नावे

फॉर्म हातात घेतला की घाम फुटतो. पूर्वी मराठी, हिंदी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांतले तीन निवडले की झाले. आता एक मुख्य विषय, एक गौण विषय, एक दुसऱ्याच शाखेतला खुला विषय, शिवाय कौशल्याचा, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञान परंपरेचा, आणि पुढे गावात करायचा प्रकल्प व प्रत्यक्ष कामाचा अनुभव. मुख्य विषय कोणता, एवढे डोळे उघडे ठेवून निवडावे. पदवी त्याच विषयाची मिळते. बाकीचे प्राध्यापकांना विचारून ठरवता येते.

खुल्या विषयाची कल्पना मला आवडली. विज्ञानाच्या पोरीला हिशेब लिहायचे शिकता येते, कलेच्या पोराला आरोग्य किंवा संगणक. कौशल्याच्या विषयांत माती-पाणी तपासणी, रोपवाटिका, गांडूळखत, दूध आणि अन्नप्रक्रिया, संगणकावर मराठी टायपिंग, जी.एस.टी.ची नोंद, शिवणकाम अशा गोष्टी कॉलेज आपल्या सोयीने ठेवू शकते. पण कागदावरचा विषय आणि हातातले काम यांत फरक असतो. माती तपासणी शिकवणार म्हणता, तर मागच्या वर्षी किती नमुने तपासले ते दाखवा, असे सरळ विचारावे. संगणकाचा विषय असेल तर किती संगणक सुरू आहेत ते डोळ्यांनी पाहून यावे. आपण बैल घेताना दात बघतो. कॉलेज बघायला एक सकाळ काढायला काय हरकत आहे? मी गेलो तेव्हा एका ठिकाणी मला सगळे हिंडून दाखवले, रोपवाटिकेतली रोपेसुद्धा. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितले की साहेब मीटिंगला गेलेत. ज्याचे त्याने समजावे.

भाचीचे मन कशात आहे, हे तोवर कुणी विचारलेच नव्हते. मी विचारले. ती जरा थांबून म्हणाली, "मामा, भूकंप का झाला हे कुठं शिकवतात?"

हा प्रश्न किल्लारीच्या पोरीने विचारावा, यात नवल ते काय. १९९२ सालच्या पावसाळ्यातच किल्लारीत जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते. लोक भिऊन अंगणात निजत. मग पुढच्या वर्षी ते घडले. मागून जगभरचे शास्त्रज्ञ आले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संस्थेने किल्लारीत खोल बोअर घेतले. काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३४० मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटचा खडक लागला. हा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. एवढे सगळे आपल्या पायाखालचे, पण ते शिकायला आपल्या पोरांपैकी किती गेली? नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. विज्ञानाची पदवी हाती असली की तिथे पुढचे शिकता येते. पदवीला कोणते विषय असले तर चालते, हे मात्र विद्यापीठात विचारून मगच पहिल्या वर्षाचे विषय घ्यावेत. पाण्याचा शोध, खाणी, धरणे, रस्ते, सगळ्यांना हे शास्त्र लागते. दुष्काळी मुलखाला तर लागतेच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते आपण कुणी विसरलेलो नाही.

शेतीचेच शिकायचे तर

पुष्कळ घरांत असे म्हणतात, शेती तर घरचीच, ती शिकायला शाळा कशाला? मला हे पटत नाही. हराळीला ज्ञान प्रबोधिनीने माळरानावर निवासी शाळा काढली, झाडे वाढवली आणि पुढे शेतीच्या पदविकेचे शिक्षणही सुरू केले. दहावीनंतर मराठीतून शेतीची पदविका घेता येते. पोराला बारावीचे गणित जड जात असेल पण रानात मन लागत असेल, तर ही वाट उत्तम. अशी कृषी तंत्र विद्यालये परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत ठिकठिकाणी आहेत. परभणीचे हे विद्यापीठ १९७२ सालचे. आता त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. लातूरलाच त्याचे कृषी महाविद्यालय आहे. मात्र बी.एस्सी. ॲग्रीला बारावीनंतरची सी.ई.टी. द्यावी लागते, आणि तिचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरायचा असतो. तो चुकला की वर्ष गेले. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मत्स्यविज्ञानाचे आणि दुग्धतंत्रज्ञानाचेही आहे. घरी दोन म्हशी असलेल्या माणसाला दुग्धतंत्रज्ञानाचे नाव परके वाटते, हीच खंत आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतन म्हणाल तर लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि मुलींसाठी वेगळे निवासी तंत्रनिकेतनही आहे.

डॉक्टरकीविषयी दोन शब्द स्पष्ट लिहितो, कुणाला लागले तर माफ करावे. लातूर पॅटर्नने खेड्यातली कितीतरी पोरे डॉक्टर केली, हे खरे आहे आणि त्याचा अभिमान आहे. पण नीटच्या परीक्षेला देशभरातून दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात आणि एम.बी.बी.एस.च्या सरकारी-खाजगी मिळून जागा सव्वा लाखाच्या आसपास. ज्या पोराचे गुण पहिल्याच खेपेला जागेच्या जवळ पोचले, त्याने एक वर्ष आणखी द्यावे. पुष्कळ दूर असतील तर एकर रान गहाण टाकण्याआधी त्याच्या शिक्षकाला घरी बोलावून जेवू घालावे आणि खरे विचारावे. भाचीचे गुण दूर होते. ती स्वतःच म्हणाली, "रान नका गहाण टाकू."

गाडी, डबा आणि कागद

फी हा मोठा अडथळा आहे असे आपण समजतो. छोट्या कॉलेजात पोरींच्या बाबतीत बहुधा अडचण फीची नसते. ती असते एस.टी.ची. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट असतो. कॉलेजला गेल्यावर सवलतीचा पास काढावा लागतो, तोही एक-तृतीयांश पैशांत मिळतो. पण पास असून उपयोग काय, गाडीच वेळेवर नसेल तर? सकाळची गाडी दोनदा चुकली, परतीच्या गाडीला अंधार पडला, की बाप म्हणतो, पुरे झाले शिक्षण. मी एका आगारात विचारले तेव्हा समजले की, ग्रामपंचायतीने किती मुले-मुली कोणत्या वेळेला जातात याची यादी आणि कॉलेजचे पत्र जोडून अर्ज दिला, तर वेळ मागेपुढे करण्याचा विचार होतो. एकट्याने जाऊन भांडण्यापेक्षा हे बरे.

लातूरला खोली करून राहणाऱ्या पोरांना गावाकडून एस.टी.त डबा जातो, हे आपल्याकडे जुनेच आहे. पहाटे चार वाजता उठून भाकरी करणारी आई आणि स्टँडवर डबा उतरवून घेणारे पोर, यांच्या जोरावर किती अधिकारी झाले असतील! वसतिगृह मिळाले नाही तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्यात कोणते अभ्यासक्रम बसतात ते कॉलेजच्या कार्यालयात विचारावे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास प्रवर्गांच्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शासनाने पूर्ण माफ केली आहे. पोरगी हुशार असेल आणि केवळ खर्चाला भिऊन तिला अभियांत्रिकी किंवा फार्मसीला घातले नसेल, तर हे पुन्हा एकदा तपासा.

कागदांची तयारी मात्र उन्हाळ्यातच करावी. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला आणि त्याची वैधता. जून उजाडला की तहसीलला रांग लागते. आपल्या भागासाठी आणखी एक कागद आहे, भूकंपग्रस्ताचा दाखला. सरकारी नोकरभरतीत भूकंपग्रस्तांसाठी समांतर आरक्षण असते. ज्यांच्या घरात हा दाखला पेटीच्या तळाशी पडून आहे त्यांनी तो काढून, कुणाच्या नावावर आहे आणि आता कुणाला लागू शकतो, याची चौकशी करून ठेवावी. दाजींच्या घरी तो देवाच्या फोटोमागे खोचलेला निघाला. तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

ज्या पोरींची लग्ने झालीच आहेत त्यांनाही दार बंद नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे आणि त्याची केंद्रे आपल्याकडच्या कॉलेजांतून चालतात. पुस्तके घरी, परीक्षा केंद्रावर. सासूबाईंची समजूत मात्र ज्याची त्याने काढायची.

हे सगळे मी दाजींना एका संध्याकाळी अंगणात बसून सांगितले. तीन वर्षांनी पदवी मिळते हे मी दोनदा सांगितले, तरी त्यांनी तिसऱ्यांदा विचारले. मग प्राध्यापकांनी लिहून दिलेला कागद दाखवला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने तो बोट फिरवत सावकाश वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. आक्का म्हणाली, "मग उदगीरवाल्यांना काय सांगायचं?" दाजी काही बोलले नाहीत. म्हशीला पाणी दाखवायला उठून गेले.

त्यानंतरच्या सोमवारी बाप-लेक औशाला जाऊन बी.एस्सी.चा फॉर्म भरून आले. उदगीरकडच्या पाहुण्यांना त्यांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही कळवलेला नाही. रान गहाण पडले नाही. सोयाबीनची पेरणी नेहमीसारखी झाली. परवा भाचीचा फोन आला होता. पासासाठी बोनाफाईड मिळाले, पण सकाळची गाडी किल्लारी पाटीवर थांबत नाही, भरून येते, म्हणाली. गावातल्या अकरा जणी त्या गाडीच्या आहेत. दाजी ग्रामपंचायतीत यादी घेऊन गेले आहेत.